दाताला मार लागला, पण लिहायचं काय? एलिस, अँड्रीसन, डब्ल्यूएचओ आणि आयसीडी समोरासमोर

नऊ वर्षांचा मुलगा. हापसा मारताना हात निसटला आणि दांडा उसळून तोंडावर बसला. आई पदराने ओठ दाबून धरत त्याला घेऊन आली. वरच्या पुढच्या दोन दातांपैकी उजव्याचा कोपरा तिरका उडालाय, वरच्या कवचाच्या (इनॅमलच्या) आतलं पिवळसर डेंटिन दिसतंय, पण नस उघडी पडलेली नाही. त्याच दाताला बोट लावलं की पोरगं कळवळतं. दात किंचित हलतो आणि हिरडीच्या कडेने रक्ताची बारीक रेघ आलीय. शेजारचा डावा दात अख्खा आहे, पण टाळूकडे झुकलाय. हलवून पाहिला तर जागचा हलत नाही, आरशाच्या दांडीने हलकेच ठोकला तर टणटण वाजतो. खालच्या ओठाला आतून चीर आहे.

आता केस पेपरवर काय लिहायचं?

हा प्रश्न मला फार जवळचा आहे. इंटर्नशिपच्या दिवसांत अशाच एका मुलीच्या पेपरवर मी एकच ओळ लिहिली होती: ‘११, एलिस क्लास २.’ (११ म्हणजे वरचा उजवा पुढचा दात, आणि एलिस ही इजेला क्लास देणारी एक पद्धत.) कॉम्पोझिट भरून दात सुंदर बांधून दिला. काही महिन्यांनी ती परत आली तेव्हा दात करडा पडला होता. पहिल्या दिवशी तो हलत होता का? हिरडीतून रक्त होतं का? मला आठवेना, आणि पेपरवर तर काहीच नव्हतं. माझं निदान चुकलं नव्हतं. नोंद अपुरी होती, आणि तेवढ्याने त्या मुलीला ज्या तारखांना परत बोलवायला हवं होतं, त्या तारखा कुणी दिल्याच नाहीत.

तेव्हापासून एक गोष्ट मी धरून चाललोय: जे दिसलं ते आधी शब्दांत लिहावं, आणि वर्ग त्यातून काढावा. वर्णनावरून वर्ग कधीही काढता येतो. वर्गावरून वर्णन परत मिळत नाही. दाताच्या इजांचं वर्गीकरण करणाऱ्या चार पद्धतींची तुलना मी याच कसोटीवर करणार आहे: एलिस, अँड्रीसन, डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) आणि आयसीडी (आजारांना आणि इजांना कोड देणारी आंतरराष्ट्रीय यादी). प्रबंधासाठी इंडेक्स, म्हणजे मोजपट्टी, निवडणारे एमडीएसचे (दंतवैद्यकातले पदव्युत्तर) विद्यार्थी, शाळा तपासणीचा फॉर्म तयार करणारे आणि आपल्या ओपीडीची नोंदवही नीट लावू पाहणारे तालुक्याचे दंतवैद्य, या तिघांची गरज वेगळी आहे, त्यामुळे उत्तरही एकच नाही.

पर्यायांची गर्दी किती आहे ते आधी सांगतो. ब्राझीलच्या दोन संशोधकांनी २००६ साली दंतइजांवरचे १६४ लेख चाळले, तेव्हा त्यांत ५४ निरनिराळी वर्गीकरणं सापडली. एका आजारासाठी ५४ मोजपट्ट्या! आणि आजारही किरकोळ नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक विश्लेषणात कायमच्या दातांना इजा झालेल्यांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आणि दुधाच्या दातांच्या बाबतीत सुमारे २३ टक्के निघालं. आज हयात असलेल्यांपैकी शंभर कोटींहून अधिक लोकांच्या दाताला कधी ना कधी मार लागलेला आहे. पण एका जिल्ह्याचा आकडा दुसऱ्या जिल्ह्याशी ताडून पाहायला जावं, तर दोघांनी ‘इजा’ म्हणून मोजलेली गोष्टच वेगळी असते.

तोच मुलगा, चार नोंदी

एलिसच्या पद्धतीने लिहायचं तर ‘११ क्लास २, २१ क्लास ७’ (२१ म्हणजे शेजारचा डावा दात). दोन आकड्यांत काम संपलं. पण ११ हलत होता हे गेलं, कारण क्लास २ फक्त मोडलेल्या कडेबद्दल बोलतो. क्लास ७ म्हणजे ‘मोड नाही, पण दात जागचा सरकलाय’. कुठे सरकला? बाहेर लोंबला, आत घुसला की बाजूला कलला? तिन्हींना आकडा एकच.

आयसीडीच्या दंतवैद्यकीय आवृत्तीत (१९९५ ची तिसरी आवृत्ती) ११ ला एस०२.५१ मिळेल, म्हणजे नस न उघडता मुकुटाचा (दाताच्या हिरडीबाहेरच्या भागाचा) भंग, आणि २१ ला एस०३.२०, म्हणजे दात सरकणं. हाडाची आणि ओठाची इजा, अपघाताचं कारण यांना वेगळे कोड आहेत. रेकॉर्ड विभागाला हे आवडतं. पण नुसता हादरा बसलेला दात किंवा जागेवरच सैल झालेला दात यांना इथे स्वतंत्र घर नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वेक्षण पद्धतीत (२०१३ ची पाचवी आवृत्ती) ० ते ६ आणि ९ असे कोड आहेत. ० इजा नाही, १ उपचार झालेली इजा, २ फक्त इनॅमल मोडलेलं, ३ इनॅमल आणि डेंटिन, ४ नसेपर्यंत, ५ इजेमुळे दात गेलेला, ६ इतर नुकसान आणि ९ तपासणीतून वगळलेला दात. आपल्या मुलाचा ११ इथे ३ होईल, २१ होईल ६. पण मूळ फॉर्मवर एका व्यक्तीसाठी स्थितीची एकच चौकट आहे आणि शेजारी किती दात बाधित त्याचा आकडा. म्हणजे ‘३, दोन दात’ असं काहीसं लिहून पुढच्या मुलाकडे वळायचं.

अँड्रीसनच्या पद्धतीने हीच नोंद अशी होते: ‘११ इनॅमल-डेंटिन फ्रॅक्चर, नस उघडी नाही, सोबत सबलक्सेशन. २१ लॅटरल लक्सेशन, मुकुट टाळूकडे. खालच्या ओठाला आतून लॅसरेशन.’ (सबलक्सेशन म्हणजे जागेवरच सैल झालेला दात, लॅटरल लक्सेशन म्हणजे बाजूला कललेला, लॅसरेशन म्हणजे चीर.) जरा लांब आहे. पण मुलगा समोर नसतानाही ही ओळ वाचून दुसरा डॉक्टर उपचार सुरू करू शकतो.

एलिस: सोपा, सगळ्यांना पाठ, आणि तिथेच घोळ

टोरांटोच्या रॉय एलिस यांची ही विभागणी १९७० साली डेव्ही यांच्यासोबत पक्की झाली आणि आपल्याकडे बीडीएसच्या प्रत्येक तोंडी परीक्षेत ती आजही विचारली जाते. क्लास १ ते ३ मुकुटाच्या मोडीचे, ४ दात निर्जीव झालेला, ५ दात पडून गेलेला, ६ मुळाचा भंग, ७ सरकलेला दात, ८ अख्खा मुकुट उडालेला आणि ९ दुधाच्या दातांच्या सगळ्या इजा.

यादी नीट पाहिली तर ती कुठल्याच एका धाग्यावर ओवलेली नाही हे लक्षात येतं. पहिले तीन वर्ग मोड किती खोल ते सांगतात. चौथा परिणाम सांगतो, म्हणजे महिन्यांनंतर काय झालं ते. नववा पेशंटचं वय सांगतो! मग एकच दात पहिल्या दिवशी क्लास २ आणि चार महिन्यांनी क्लास ४ होतो, आणि वार्षिक अहवालात तो नेमका कुठे मोजायचा यावर दोन निवासी डॉक्टरांचं एकमत होत नाही. शिवाय अपघातानंतर थंडाची चाचणी किंवा विजेची चाचणी तीन महिन्यांपर्यंतही खोटी नकारार्थी येऊ शकते. धक्का बसलेली नस काही काळ नुसती मुकी असते. पहिल्याच आठवड्यात ‘क्लास ४’ लिहून मोकळं होणं म्हणजे कदाचित जिवंत असलेल्या दाताच्या मृत्यूचा दाखला लिहिणं.

क्लास १ ची गोष्ट तर खास आहे. मूळ व्याख्येत ‘इनॅमल मोडलेलं, डेंटिन अगदी थोडं किंवा नाहीच’ असं आहे. इमर्जन्सी मेडिसिनवाल्यांनी हीच पद्धत तीन वर्गांपुरती उचलली आणि त्यांच्याकडे क्लास १ म्हणजे फक्त इनॅमल. कोपऱ्यावर डेंटिनचा ठिपका दिसणारा दात एका विभागात क्लास १ आणि दुसऱ्या विभागात क्लास २. शब्द तोच, आकडा तोच, आणि तक्त्यात मात्र दोन वेगळे रकाने.

एलिस टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. कॅज्युअल्टीत फोनवरून ‘सर, क्लास ३ आहे, या लवकर’ एवढं कळवायला तो उत्तम आहे. पण पेपरवर तो एकटा नसावा.

अँड्रीसन: लांब वाटतो, पण उपचार त्यावरच टांगलेले आहेत

कोपनहेगनचे येन्स ओवे अँड्रीसन यांनी आयुष्यभर दंतइजांवरच काम केलं. २०२० साली ते गेले. १९८१ साली त्यांनी डब्ल्यूएचओच्या आधीच्या वर्गीकरणाला विस्तार देऊन ही पद्धत मांडली. गाभा असा की एका धक्क्याने दाताच्या कठीण भागाला, दाताला धरून ठेवणाऱ्या तंतूंना, हाडाला आणि हिरडी-ओठांना अशी चार ठिकाणी इजा होऊ शकते, म्हणून चारही ठिकाणची नोंद स्वतंत्रपणे करायची. एक मिळाली म्हणून दुसरी शोधायची थांबायचं नाही.

यातला तंतूंच्या इजांचा गट हा खरा कस लावणारा. हाताने शिकायचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ठोकल्यावर दुखतं, पण दात नेहमीइतकाच घट्ट, तर कन्कशन. दुखतं, हलतो, हिरडीच्या कडेला रक्त आहे, पण जागा सुटलेली नाही, तर सबलक्सेशन. दात लांब झाल्यासारखा दिसतो आणि लुकलुकतो, तर एक्स्ट्रूजन. एका बाजूला कलून हाडात अडकलाय, हलत नाही आणि टणटण वाजतो, तर लॅटरल लक्सेशन. आत घुसलाय, आखूड दिसतो, हाही घट्ट आणि हाही टणटण वाजणारा, तर इन्ट्रूजन. आणि मुळासकट बाहेर, म्हणजे अव्हल्शन. एक दात हलवताना शेजारचे दोन-तीन सोबत हलले तर हाडाचा तुकडा सुटलाय असं समजा. नुसता मुकुट लुकलुकत असेल तर मूळ मोडलंय का ते एक्स-रेमध्ये शोधा, आणि एकाच कोनातून काढलेल्या एक्स-रेवर विसंबू नका. तिरपी मोड सरळ कोनात लपते.

हे सगळे भेद कशासाठी? उत्तर इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्या सूचना याच नावांवर रचलेल्या आहेत. नुसतं इनॅमल-डेंटिन फ्रॅक्चर असेल तर ६ ते ८ आठवड्यांनी आणि वर्षाने पाहायचं. लॅटरल लक्सेशन असेल तर दात जागेवर आणून ४ आठवडे लवचीक स्प्लिंट (शेजारच्या दातांचा आधार देणारी पट्टी), आणि तपासणी २, ४, ८, १२ आठवड्यांनी, ६ महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे किमान ५ वर्षं दरवर्षी. मोड आणि सैलपणा एकाच दाताला असेल तर पाठपुरावा सैलपणाच्या वेळापत्रकाने करायचा, कारण अशा दाताची नस मरण्याचा धोका नुसत्या मोडीपेक्षा बराच जास्त असतो. माझ्या त्या मुलीच्या पेपरवर ‘सोबत सबलक्सेशन’ हे दोन शब्द असते, तर पुढच्या तारखा आपोआप पडल्या असत्या.

गैरसोयही मान्य करायला हवी. वेळ जास्त लागतो. शिबिरात, वर्गाच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात कन्कशन ओळखणं जवळपास अशक्य आहे. आणि इजा जुनी असेल तर तंतूंच्या इजेचा माग उरतच नाही. दोन वर्षांपूर्वी सैल झालेला दात आज घट्ट आहे, मुलाला आठवतही नाही. म्हणून ही पद्धत जशीच्या तशी शाळा सर्वेक्षणात नेणाऱ्यांचे तक्ते विचित्र येतात: लक्सेशनच्या रकान्यांत शून्यांची रांग. त्या शून्यांचा अर्थ ‘इजा झाली नाही’ असा घेतला जातो, प्रत्यक्षात अर्थ असतो ‘आज दिसत नाही’.

सर्वेक्षणासाठी: डब्ल्यूएचओ, पण थोडी डागडुजी करून

शाळेत एका दिवसात शेकड्याने मुलं पाहायची असतील तर मी डब्ल्यूएचओचेच कोड घेईन. कमी कोड, व्याख्या स्पष्ट, एक्स-रे लागत नाही, आणि १२ किंवा १५ या ठरलेल्या वयोगटांत काम केलं तर इतर देशांच्या आकड्यांशेजारी आपला आकडा ठेवता येतो.

डागडुजी दोन ठिकाणी हवी. एक, व्यक्तीमागे एक कोड न लिहिता वरच्या आणि खालच्या चारही पटाशीच्या दातांना, म्हणजे एकूण आठ दातांना स्वतंत्र कोड द्या. अहवाल पाठवताना त्यातून व्यक्तीमागचा कोड काढता येतोच. दुसरी गोष्ट कोड १ ची. उपचार झालेली प्रत्येक इजा त्या एका आकड्यात बुडते. कोपऱ्याला लावलेलं कॉम्पोझिट आणि रूट कॅनाल करून बसवलेली कॅप, दोन्ही १. इथे अमेरिकेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वापरलेली पद्धत जास्त समंजस आहे. तिच्यात मागच्या बाजूने केलेल्या रूट कॅनालच्या खुणेला वेगळा कोड आहे, आणि पुढच्या दातावर भरण दिसलं म्हणून ते इजेचं मानायचं नाही, पेशंटने मार लागल्याचं सांगितलं तरच मोजायचं अशी अट आहे. (त्या सर्वेक्षणाच्या १९८८ ते १९९१ च्या टप्प्यात ६ ते ५० वयाच्या दर चार अमेरिकनांत सुमारे एकाच्या पटाशीच्या दातांवर इजेची खूण सापडली.) तुमच्या फॉर्मवर १अ, १ब, १क केलंत तरी पुरे.

आणि कृपया या कोडची सरासरी काढू नका. ‘शाळेचा सरासरी कोड २.३’ याला काही अर्थ नाही, कारण १ म्हणजे २ पेक्षा सौम्य नव्हे आणि ६ म्हणजे सर्वांत गंभीर नव्हे. हे आकडे खोलीक्रमांकासारखे आहेत. याच कारणाने भारित कॅपाही (कॅपा म्हणजे दोन तपासणाऱ्यांची जुळणी मोजणारा आकडा; भारित म्हणजे लहान-मोठ्या फरकाला कमी-जास्त वजन देणारा) इथे लावू नये.

आयसीडी: कार्यालयासाठी, डॉक्टरसाठी नव्हे

विम्याचा दावा, रुग्णालयाची आकडेवारी, सरकारी अहवाल यांना आयसीडी लागतोच. सर्वसाधारण आयसीडी-१० मध्ये दात मोडणं म्हणजे एस०२.५ आणि दात सरकणं म्हणजे एस०३.२. एवढ्यावर कुठलाही उपचार ठरत नाही. दंतवैद्यकीय आवृत्तीत पाचवा आकडा जोडून मोडीचे प्रकार बरेच नीट होतात, पण एस०३.२१ या एकाच कोडमध्ये आत घुसलेला आणि बाहेर आलेला असे दोन्ही दात घातलेत. ज्याने कधी इन्ट्रूजनचा दात वाचवायला झगडलंय त्याला हे खटकेल. आत घुसलेल्या, मूळ पूर्ण झालेल्या पक्क्या दाताची नस जवळजवळ हमखास जाते आणि मूळ विरघळण्याचा धोका मोठा असतो. बाहेर आलेल्या दाताचं भवितव्य त्या मानाने बरं. दोन उलट्या दिशा आणि दोन वेगळी नशिबं, कोड मात्र एक.

म्हणून आयसीडी कोड डॉक्टरने पेशंटसमोर निवडू नये. अँड्रीसनच्या नावांसमोर कोड लिहिलेला एक तक्ता भिंतीवर लावा, रेकॉर्डवाला त्यावरून कोड घालेल.

पद्धत कुठलीही घ्या, विश्वास तपासणाऱ्यावर ठरतो

इथे प्रबंध करणाऱ्यांनी जरा थांबावं. मार्गदर्शक विचारतात ‘कॅलिब्रेशन (म्हणजे तपासणाऱ्यांची नजर एकमेकांशी जुळवणं) केलंस का?’, आणि उत्तर येतं ‘हो सर, ९४ टक्के जुळलं’. डब्ल्यूएचओच्या पुस्तिकेतही ८५ ते ९५ टक्के जुळणी अपेक्षित धरलेली आहे, म्हणजे पास. पण एक हिशेब मांडून पाहू. दोघांनी तीच २०० मुलं तपासली. १८० जणांना दोघेही म्हणाले ‘इजा नाही’. ८ जणांना दोघेही म्हणाले ‘आहे’. ७ जणांना फक्त पहिल्याने ‘आहे’ म्हटलं, ५ जणांना फक्त दुसऱ्याने. जुळणी १८८, म्हणजे ९४ टक्के. आता योगायोगाने किती जुळलं असतं ते वजा करा. पहिल्याचे होकार १५, दुसऱ्याचे १३. त्यावरून नुसत्या योगायोगानेच सुमारे ८७ टक्के जुळणी येते. कॅपा निघतो ०.५४. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या नेहमीच्या पट्टीवर हा ‘मध्यम’. साध्या शब्दांत, दोघांपैकी निदान एकाने तरी इजा पाहिलेली मुलं २०, आणि त्यांतल्या आठांवरच एकमत. बहुतेक मुलांचे दात ठणठणीत असतात म्हणून टक्केवारी गोंडस दिसते.

मतभेद कुठे होतात हे अनुभवाने सांगता येतं. नव्याने आलेल्या पटाशीच्या दातांना कडेवर तीन कंगोरे असतात, सात-आठ वर्षांच्या मुलांत ते हमखास इनॅमलची मोड म्हणून नोंदले जातात. मोठ्या माणसांत वर्षानुवर्षं दाताने दोरा तोडणाऱ्या शिंपीकाकांच्या दाताला खाच पडते, ती झीज आहे, इजा नव्हे. इनॅमलला गेलेला बारीक तडा समोरून टॉर्च मारला तर दिसत नाही, बाजूने प्रकाश टाकला तर चमकून दिसतो. म्हणून तडे मोजायचे की सोडायचे हे आधीच लिहून ठेवा. शिबिरात मी ते सोडतो. कापसाने पुसलेला दात आणि लाळेत ओला दात यांतही इनॅमल-डेंटिनचा फरक बदलतो: ओलं इनॅमल पारदर्शक होऊन डेंटिनचा पिवळेपणा वर आणतं. आणि नसलेल्या दाताला कोड ५ देण्याआधी आईला विचारा. किडीने काढलेला असेल, किंवा बाजूचा लहान पटाशीचा दात जन्मतःच नसेल.

सरावासाठी ताज्या इजेचे पेशंट ऐनवेळी मिळत नाहीत. फोटो आणि एक्स-रे यांचा संच करून त्यावर दोघांनी वेगवेगळी उत्तरं लिहा, फरक पडला तिथे व्याख्येवर भांडा, मग प्रत्यक्ष मुलांवर या. पाहणी सुरू झाल्यावर ५ ते १० टक्के मुलं पुन्हा तपासा, तीही पहिली नोंद न बघता आणि शक्यतो वेगळ्या दिवशी. कॅपा एकंदर देऊ नका, ‘इजा आहे की नाही’ याचा वेगळा आणि ‘कुठली इजा’ याचा वेगळा द्या.

दाताचा क्रमांक हीदेखील अशीच क्षुल्लक वाटणारी जागा. आपल्याकडे एफडीआयची (जागतिक दंतवैद्यक संघटनेची) दोन आकडी पद्धत चालते, तिच्यात ११ म्हणजे वरचा उजवा पुढचा दात. अमेरिकेतल्या पद्धतीत ११ म्हणजे वरचा डावा सुळा! परदेशी सॉफ्टवेअर घेतलंत किंवा तिथल्या नातवाचे कागद आजोबांनी आणून दाखवले, तर आधी पद्धत कुठली ते बघा. फॉर्मवर ‘एफडीआय’ छापून टाकणं बरं.

पोलीस केस असेल तर

मारामारीतला तुटलेला दात ही आपल्याकडे वेगळीच जबाबदारी आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये हाड किंवा दात मोडणं वा निखळणं ही ‘गंभीर दुखापत’ होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही ती तशीच आहे. म्हणजे आपण पेपरवर लिहिलेल्या एका ओळीवर कुणावर कुठलं कलम लागेल ते ठरू शकतं. अशा वेळी ‘एलिस क्लास ७’ लिहिणं अन्याय आहे. न्यायालयाला, पोलिसाला आणि पेशंटलाही कळेल अशा भाषेत लिहा: कुठला दात, किती मिलिमीटर कुठल्या दिशेला सरकलाय, कड धारदार आहे की झिजलेली, हिरडीतून ताजं रक्त आहे का, एक्स-रेत काय दिसलं. आणि एक गोष्ट विसरू नका: बाकीचे दात कसे आहेत. पायोरियाने आधीच सगळे दात हलत असलेल्या माणसाचा एक दात सैल असणं आणि घट्ट दातांच्या तरुणाचा एकच दात सैल असणं यांत फार फरक आहे. तो फरक नोंदवणं दोन्ही पक्षांच्या हिताचं आहे.

मग कोणी काय घ्यावं?

दवाखाना किंवा ओपीडी असेल तर अँड्रीसनची नावं, प्रत्येक दाताला वेगळी ओळ, आणि मुळाचं टोक उघडं की बंद हा रकाना हवाच. नऊ वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दाताचं टोक बहुधा उघडंच असतं आणि नस जगण्याची आशा त्यावर असते. शाळा सर्वेक्षण असेल तर वर सांगितलेली डागडुजी करून डब्ल्यूएचओ. कुटुंब-डॉक्टर किंवा कॅज्युअल्टीत बसणारे एमबीबीएस असाल तर वर्गीकरणाच्या नादी न लागता चार प्रश्न लिहा: मोडलाय का, सरकलाय का, हलतोय का, मुळासकट निघालाय का. पुढचं दंतवैद्य बघेल. दुधाच्या दातांसाठी एलिसचा क्लास ९ अजिबात वापरू नका, सगळं एका पोत्यात भरण्यासारखं आहे ते. अँड्रीसनचीच नावं ५१, ६१ अशा क्रमांकांसोबत वापरा, आणि पडलेला दुधाचा दात परत बसवायचा नसतो हे तिथेच लिहून ठेवा, म्हणजे रात्रपाळीचा डॉक्टर नको तो प्रयत्न करणार नाही.

कुठल्याही वर्गीकरणात न मावणाऱ्या, पण सर्वांत महागात पडणाऱ्या नोंदी वेळेच्या असतात. पक्का दात मुळासकट पडला असेल तर तो किती मिनिटं कोरडा होता आणि कशात ठेवून आणला: दुधात, लाळेत, पाण्यात की कागदाच्या पुडीत. तासाभराहून जास्त कोरडा राहिलेल्या दाताचे तंतू जगण्याची आशा धरता येत नाही, आणि पालकांशी काय बोलायचं ते त्यावरच ठरतं. ‘सकाळी पडला’ असं लिहू नका. ‘पडला १०.२०, दुधात टाकला १०.३५, बसवला ११.१०’ असं लिहा. मोडलेला तुकडा सापडला का तेही लिहा. सापडला नसेल आणि ओठ फाटलेला असेल तर ओठाचा एक्स-रे काढा, कारण तुकडा पुष्कळदा तिथेच रुतलेला असतो. शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय, या तीन प्रश्नांना दाताच्या आधी जागा द्या.

हापशावरच्या त्या मुलाच्या पेपरवर शेवटी मी असं लिहिलं: ‘११ इनॅमल-डेंटिन फ्रॅक्चर, नस उघडी नाही, सबलक्सेशन. २१ लॅटरल लक्सेशन, मुकुट टाळूकडे सुमारे २ मिमी. दोन्ही टोकं उघडी. खालच्या ओठाला आतून १ सेंमी चीर, आत तुकडा नाही (एक्स-रे). तुकडा आईने आणलाय, पाण्यात ठेवला. २१ जागेवर आणून स्प्लिंट.’ खाली पाठपुराव्याच्या सगळ्या तारखा घातल्या, पाच वर्षांपर्यंतच्या, आणि त्याच तारखा आईच्या मोबाइलमध्येही टाकून दिल्या.